संस्कृतीरक्षकाचे रोडगे

अमरावतीच्या राजकमल चौकात माह्या पोराचा पुतळा जाळला, त्या दिवशी मले राग आला तो जाळणाऱ्याचा नाही, पुतळ्याचा. मोबाइलवर पाह्यलं मी. काडीसारखे हातपाय, पोटात तणस कोंबलेलं अन् अंगात फाटकी बनियान. माहा योगेश चांगला भरलेला गडी आहे, अन् फाटकी बनियान त्यानं जन्मात घातली नाही. तसं काही दोरीवर दिसलं की मी त्याचं पोतेरं करते. जाळाचंच होतं तं धड माणसासारखा तरी कराचा होता.

पुतळा काहून जाळला, तं तो मोबाइलवर बोलला होता की ज्या घरची बाई नोकरीले जाते, त्या घरच्या लेकराले संस्कार कुरिअरनं मागवा लागतात. यावर नोकरीवाल्या बायका चिडल्या. कुरिअरवालेबी चिडले, ते काहून चिडले मले अजून समजलं नाही.

योगेश चर्चा करणारा माणूस आहे. सरकारवर, शाळेवर, पोरींच्या कपड्यावर, जे नजरेत आलं त्याच्यावर चर्चा करते. अमरावतीत त्याचा चॅनल आहे, 'योगेशवाणी'. आम्ही तेल्हाऱ्याकडचे, वांगे-मेथी-सांभारवाले लोक; सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. पोराले बी.ए. कराले अमरावतीले धाडलं तं तो तिथंच राह्यला. आधी विमा विकला, लोक दार लावून घेत. मंग पार्टीचं तिकीट मांगतलं, पार्टीनं दार लावलं. मंग केबलवाल्याच्या इथं बातम्या वाचे, पण बातमी कमी अन् स्वतःचं मत जास्त वाचते म्हणून त्यानंबी काढला. लॉकडाउनमध्ये साऱ्या जगानं दार लावलं तवा हा गच्चीवर गेला अन् मोबाइलसमोर बोलाले लागला. अन् गंमत पाहा, दार लावून बसलेल्या लोकाईनंच त्याले मोठा केला.

पहिलं गाजलं ते लग्नातल्या बुफेवर. "उभ्यानं ढोर खाते. ज्याच्याकडे पाहुण्याला बसवायला जागा नाही, त्यानं पाहुणा बोलावू नये." सारं वऱ्हाड खुश झालं. ते वाक्य माहं आहे. नणंदेच्या पोराच्या लग्नात मी हातात प्लेट धरून म्हणलं होतं, अन् नणंद आजपावेतो माह्याशी धड बोलत नाही. मंग एकेक ऐकू लागली तं सारं माहंच. दुधात पाणी टाकणाऱ्याले काय म्हणाचं, शहरातून येऊन शेणाच्या वासानं नाक दाबणाऱ्या सुनेले काय म्हणाचं, सारं माह्या ओसरीवरचं. फरक इतकाच की मी बोलली तं भांडकुदळ, अन् तो बोलला तं परखड.

मताचं म्हणाल तं माहे मतं त्याच्यापासून लय दूर नाहीत. चालत आलेलं माणसानं उगाच मोडू नाही असं मलेबी वाटते. पोरगा मोठा झाला, लोक त्याले शिव्या देतात म्हणजे ओळखतात, याचा मले अभिमान होता. तो अभिमान अकोल्याच्या भाजीबाजारात एका सकाळी उतरला.

मी त्या बाजारात बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून बसते. आमच्या घरची भाजी मीच घेऊन जाते. पुंजाजी अडत्या हर्रास बोलते, बोली कमी लावली तं मी त्याच्याशी भांडते, अन् माल विकून घरी येते. पुंजाजीचे केस माह्यासमोर पांढरे झाले, अन् त्यातले बरेच माह्यापायी झाले असं तो म्हणते. त्या दिवशी वांग्याचा ढीग लावून बसली तं पुंजाजीनं मोबाइल पुढं केला अन् आवाज मोठा केला. आजूबाजूच्या साऱ्या माळणी माना लांब करून ऐकू लागल्या.

योगेश मोबाइलवर पुण्यासारखं बोलते. म्हणत होता, "माझ्या आईनं उभ्या आयुष्यात घराचा उंबरठा ओलांडला नाही. म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे."

पुंजाजीनं माह्याकडं पाह्यलं, वांग्याकडं पाह्यलं.

"वच्छलाबाई," तो म्हणे, "मंग हे अठी कोन बसून हाये? तुमची आत्मा?"

सारा बाजार हसला. गाड्यावरचा हमाल पाठीवरचं पोतं सोडून हसला. मी पुंजाजीले म्हणलं की आत्मा असती तं तुह्या मानगुटीवर बसली असती, ढिगापाशी नाही. पण घरी येईपावेतो बसमध्ये मी मनात योगेशशीच भांडली. लोकाईच्या बायकांले घरी बसवाचं तं बसव बापा. माही पाठ पोते उचलून वाकली, अन् हा म्हणते बुढीनं उंबरठा ओलांडला नाही. मंग वांगे काय आपल्या पायानं अकोल्याले जात होते?

दोन-तीन दिवसांनी रागिणी आली. रागिणी म्हणजे योगेशची बायको, माही सून. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात कापड तपासाचं काम करते. थानच्या थान तिच्या डोळ्यासमोरून सरकते अन् कुठं धागा सुटला, कुठं गाठ आली, ते ती चालत्या कापडात धरते. मले ती पोरगी पहिल्यापासून पसंत. तोंड कमी, डोळा जास्त. तिले कारखान्यानं संक्रांतीपासून त्या साऱ्या विभागाची सुपरवायझर करतो म्हणून सांगतलं होतं.

ती एकटीच बसनं आली, चहा घेतला, अन् माह्यासंगं सांभाराच्या जुड्या बांधाले बसली. बांधता बांधता सांगतलं. योगेशच्या चॅनलवर कोण्या एका खवट माणसानं लिहिलं होतं की साहेब, तुमच्या मिसेस तं रोज सकाळी कारखान्याच्या बसमध्ये दिसतात. योगेश तावात आला अन् साऱ्यांसमोर बोलून बसला की माही पत्नी नोकरी सोडणार आहे. अकोल्यात संक्रांतीच्या आधी एका मंडळाचा कार्यक्रम आहे, तिथं याले 'संस्कृतीरक्षक' म्हणून पुरस्कार भेटणार, अन् त्याच मंचावर हे जाहीर करणार. घरी येऊन तिले सांगतलं, तेबी मोबाइलवर सांगून झाल्यावर.

रागिणी रडली नाही. जुडी बांधली, दातानं सुतळी तोडली अन् म्हणे, "आई, मले नोकरी सोडाची नाही. यांच्याशी भांडाचंबी नाही. तुमीच सांगा काय करू."

मी म्हणलं, "येत्या शनवारी रोडग्याले ये. त्यालेबी आण."

रोडग्याचं सांगते. मार्गशीर्षात एका शनिवारी आमच्या गावच्या मारुतीले रोडगे असतात. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजाचे, राख झटकाची, फोडून तूप टाकाचं, अन् संगं वांग्याची भाजी. पण या रोडग्याले बाईचा हात लागत नाही. पीठ मळाचं तं माणसानं, भाजाचं तं माणसानं, वाढाचंबी माणसानंच. आम्ही बायका त्या दिवशी निंबाखाली बसतो अन् मीठ कमी आहे म्हणून नावं ठेवतो. अन् एक नेम आहे. ज्यानं कणकेत हात घातला, त्यानं ती परात पुरी झाल्याबिगर उठाचं नाही. उठला तं मारुतीले चालत नाही, सारी कणीक बैलाले.

योगेशचा हात कणकेले लय चांगला. लहानपणापासून बापासंगं मळते. माहे मालक सूर्यभान तोंडानं कमी बोलतात, पण रोडग्याच्या दिवशी त्याईच्याएवढा हुकूम कलेक्टर चालवत नसल. योगेश गाडीतून उतरते न उतरते तं त्याईनं परात पुढं सरकवली. योगेशनं झब्ब्याच्या बाह्या वर केल्या अन् बसला. कोपरापर्यंत पीठ.

तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की दुपारचा लाइव्ह राह्यला. शनिवारी दुपारी 'योगेशवाणी' लाइव्ह असते, हजारो लोक वाट पाहतात. उठता तं येत नाही. रेंजबी आमच्या गावात मारुतीच्या ओट्यापाशीच भेटते. मंग काय, रागिणीले म्हणे, धर मोबाइल, फक्त चेहरा घे, मांगं मारुती दिसू दे. तिनं धरला. हा तोंडानं पुण्याचा झाला अन् हातानं वऱ्हाडचाच राह्यला.

विषय कोणता घेतला असल? स्वयंपाकघर.

"आजकाल शहरात नवरे कणीक मळतात," योगेश बोलून राहिला होता, अन् मुठी आवळून परातीत असा दणका देत होता की बोलण्याले जोर चढत होता. "हे पश्चिमेचं वारं आहे मित्रहो. पुरुषाचा हात ज्या दिवशी पिठाला लागला, त्या दिवशी घर बुडालं."

मी रागिणीच्या मांगं उभी होती. गोवऱ्यांचा धूर तिच्या डोळ्यात जात होता. मी म्हणलं, पोरी, धूर लागते तं मांगं सरक. ती सरकली. मी म्हणलं, अजून सरक. ती निंबापावेतो सरकली. आता मोबाइलात योगेश सारा दिसत होता, परात दिसत होती, मांगं चार माणसं वांगे चिरत होते तेबी दिसत होते. रागिणीचा हात हालला नाही. कापड तपासणाऱ्या बाईचा हात आहे तो.

"आपल्या पूर्वजांनी चूल पाहिली नाही," योगेश म्हणे, "त्यांनी रणांगण पाहिलं."

इतक्यात सूर्यभान मधात आले. त्याईले लाइव्ह म्हणजे काय ठाऊक नाही. म्हणे, "योग्या, मीठ टाकलं का?"

"टाकलं बा. ओवा आना," योगेश म्हणे, अन् पुन्हा मोबाइलकडं तोंड करून म्हणे, "तर मित्रहो, रणांगण."

अन् बरं का, आमच्या गावातल्या एकाबी माणसाले यात काही वावगं दिसलं नाही. वांगे चिरणारे मान हलवून ऐकत होते. एक जण डोळे पुसून म्हणे की बोलणं काळजाले लागते. त्याचे डोळे कांद्यानं भरले होते हे सोडा.

जेवणं व्हाच्या आत फोन सुरू झाले. बाहेरच्या लोकाईले सारं दिसलं होतं. कोणी ते "ओवा आना" कापून त्याच्याखाली ढोलकी लावली. अमरावतीच्या पोट्ट्यांनी त्याचं नाव रोडगेरक्षक ठेवलं. त्याचे भक्तबी तापले, की साहेब, आमच्या बायका आता आम्हाले परात दाखवून राहिल्या. योगेश तोंड लाल करून निंबाखाली आला.

"माय, तू तिले मांगं सरकाले काहून सांगतलं?"

"धूर लागून राहिला होता तिच्या डोयाले."

"लोक म्हणते हा सोता कणीक मळते अन् आमाले अक्कल शिकवते."

"मंग मळत नोयता का?"

"अवो, ते सैपाक होय का? ते रोडगे होत."

सूर्यभान तूप वाढत होते. ते थांबले अन् म्हणे, पोरगं बरोबर बोलून राहिलं, रोडगे म्हणजे सैपाक नाही. पंगतीतल्या साऱ्या माणसांनी मान डोलवली. आता पाहा. जाळ केला, पीठ मळलं, भाजी फोडणीले टाकली, गावजेवण वाढलं, पण सैपाक नाही. मंग काय, कबड्डी होती का? पण मी ते बोलली नाही. आमच्या भागातला कोणताच माणूस हे मान्य करणार नाही, अन् माह्या पत्रावळीत तूप पडाचं बाकी होतं.

मले वाटलं आता हा नोकरी सोडाचं बोलणं सोडीन, पण उलटाच परिणाम झाला. योगेशच्या मनात आलं की गेलेली इज्जत आता रागिणीच्या नोकरीतूनच परत येईल. मंडळाचा फोन आला होता, पुरस्कार देतो म्हणे, पण खुलासा द्या. मंग यानं ठरवलं की मंचावर नुसतं सांगाचं नाही, रागिणीलेच उभं करून तिच्या तोंडून वदवाचं. अन् मलेबी न्याचं, उंबरठा न ओलांडलेली माय म्हणून शालनारळ द्याचा. माह्यासाठी फिक्कट रंगाचं लुगडं घेऊन आला, म्हणे हे नेस, साधी दिसशील. मी म्हणलं येतो. त्याले बरं वाटलं. बी.ए. झालेलं पोरगं, पण मी वाद न घालता हो म्हणली की सावध व्हाचं असते, एवढं त्याले समजलं नाही. त्याच्या बापाले समजलं. ते त्या दिवशी वावरात निघून गेले.

अकोल्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मी बाजारात दिलं. पुंजाजीले म्हणलं, माहा सत्कार आहे, साऱ्यांले घेऊन ये. फिक्कट लुगडं पेटीत ठेवलं अन् बाजाराचं हिरवं नेसली. हॉलमध्ये पाह्यलं तं पुढच्या दोन रांगा मंडळाच्या फेटेवाल्यांच्या, अन् मांगच्या साऱ्या माळणींच्या अन् हमालांच्या. योगेशले वाटलं त्याचेच चाहते.

रागिणी माह्या बाजूले मंचावर बसली. हात मांडीवर, नजर समोर. मी तिच्या कानात म्हणलं, तू उठू नको, मी उठतो.

सूत्रसंचालन करणारा पोरगा गोड आवाजात म्हणे, "आता सत्कार अशा मातेचा, जिनं उभ्या आयुष्यात घराचा उंबरठा ओलांडला नाही." मांगून पुंजाजीचा आवाज आला, तोच हर्रासाचा, बिनमाइकचा.

"मंग सकाळी मेथीच्या भावावरून माह्यासंगं भांडली ते कोन होय?"

सारा हॉल फुटला. फेटेवाले मांगं वळून पाहाले लागले. योगेशचं तोंड पाहून मले क्षणभर वाईट वाटलं, पोरगं माहंच आहे. मी उठली, शाल खांद्यावर घेतली कारण शाल चांगली होती, अन् माइक हाती घेतला.

मी म्हणलं, "हसू नका. माहा पोरगा खरा माणूस हाये. तो म्हणते चालत आलेलं मोडू नका, मीबी तेच म्हणतो. मंग आमच्या घरी काय चालत आलं ते ऐका. माही सासू याच बाजारात बसे. तिची सासू बैलगाडीनं येऊन बसे. आमच्या घरची बाई घरी कधी बसलीच नाही. अन् माणसं रोडगे करतात, ते तुमी मोबाइलवर पाह्यलंच. बाईनं घरी बसाचं, हे आमच्या खानदानात कोनी आनलं नाही. हे शहरातलं नवीन फॅड हाये. अन् नवीन फॅडाचा माह्या पोराले भलता राग हाये. मंग माह्या घरात तो ते घुसू देईन का?"

मांगून टाळ्या पडल्या. पुढचे फेटेवाले एकमेकांकडं पाहाले लागले. टाळी वाजवली तं नोकरी कबूल, नाही वाजवली तं खानदान अन् परंपरा नाकबूल. एका म्हाताऱ्या फेटेवाल्यानं वाजवली, मंग बाकीच्यांचा धीर झाला.

मी माइक योगेशपुढं धरला. आता बोलाचं त्याले होतं. त्यानं माह्याकडं पाह्यलं, रागिणीकडं पाह्यलं, हॉलकडं पाह्यलं. हर्रासात बोली फिरली की कच्चा अडत्या गडबडते, अन् मुरलेला असला तं श्वास घेते अन् त्याच तोंडानं नवा भाव बोलते. माह्या पोरानं श्वास घेतला.

"मित्रहो," तो म्हणे, अन् टेबलावर तोच कणकेचा दणका दिला, "मी वर्षभर हेच सांगतो आहे. बाईला घरी बसवणं हे पश्चिमेचं कारस्थान आहे. आमच्या घरची परंपरा मोडणार नाही. माझी पत्नी रागिणी संक्रांतीपासून कारखान्यात सुपरवायझर होत आहे."

रागिणीनं त्याच्याकडं असं पाह्यलं जसं ती कापडाकडं पाहते. कुठं धागा सुटला का ते. मंग मान हलवली. पास.

खाली उतरल्यावर योगेश मले बाजूले घेऊन म्हणे की माय, पुढच्या वेळेस आधी सांगत जा, मले तयारीले वेळ भेटत नाही. मी म्हणलं, तू बायकोले आधी सांगतलं होतं का? तो गप्प बसला. परखड माणूस गप्प बसला की चांगला दिसते, पण लय वेळ टिकत नाही. गाडीत बसेपावेतो त्यानं नवा विषय धरला होता.

आता रागिणी सकाळच्या बसनं जाते, विभागाच्या चाव्या कंबरेले. योगेश तिचा डबा करते, अन् विचारलं तं म्हणते की डबा म्हणजे काही सैपाक नाही. मी त्याले काही म्हणत नाही. पोळ्या बऱ्या होतात म्हणे.

पुतळा त्याचा पुन्हा जाळला. या वेळेस नोकरीवाल्या बायकांनी नाही, त्याच्याच जुन्या भक्ताईनं, यानं दगा दिला म्हणून. फोटो पाह्यला मी. पोट भरलेलं, चष्मा लावलेला, अंगात नवा कोरा सदरा. आपल्या माणसानं केलेलं काम वेगळंच दिसते. मी रागिणीले फोटो दाखवला. तिनं तो बोटानं मोठा केला, सदऱ्यापाशी थांबली, डोळे बारीक करून पाह्यलं.

"आई," ती म्हणे, "हे कापड आमच्याच कारखान्याचं हाये. माह्याच हातून पास झालेलं."